टमरेलाचा तह

कलंडेंना सरळ बसता येत नसे. खुर्ची असो, बाकडं असो, नाहीतर घरातल्या पलंगाची कड असो, ते आधी उजवीकडे टेकत, डावी बाजू जरा हवेत ठेवत, हळूहळू कलत आणि एकदा सगळा देह तिरका झाला की "हां" म्हणून श्वास सोडत. म्हणून ते कलंडे. खरं आडनाव काय होतं ते घरमालकालाही आठवत नव्हतं. भाड्याच्या पावतीवरसुद्धा 'कलंडे' असंच लिहून यायचं.

या कलंडण्यामागे युद्ध होतं. तरुणपणी कलंडे सरहद्दीवर शिपाई होते, आणि त्या युद्धात त्यांना गोळी लागली होती, हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं. कारण सलूनमध्ये दाढीचा फेस चढेपर्यंत ते दुसरं काही बोलतच नसत. चहूकडून गोळ्यांचा पाऊस. साथीदार कोसळला. त्याला खांद्यावर टाकून कलंडे निघाले. तेवढ्यात शत्रूनं मागून दगा केला आणि गोळी घुसली. कुठं? तर इथं, मांडीत. एवढं सांगून ते मांडीवर थाप मारत. ज्या मांडीवर थाप मारत ती कधी डावी असे, कधी उजवी, पण तिकडे कोण लक्ष देतो!

गोष्ट वाढत गेली हे मात्र खरं. सुरुवातीला साथीदार एक होता आणि किडकिडीत होता. पुढं तो चांगला धिप्पाड झाला. मग एके वर्षी ते दोन झाले. सलूनवाल्यानं वस्तरा थांबवून विचारलं, "कलंडेकाका, मागच्या खेपेला एकच होता ना?"

"दुसरा वजनाला हलका होता रे. सांगायचं राहून जायचं."

सलूनवाला मान डोलावून पुढची दाढी करायला लागला. गिऱ्हाईक बसून राहत होतं, त्याचं काय जात होतं?

तर असे हे कलंडे सत्तरी ओलांडून लाकडाच्या वखारीत राखणदारी करत होते. आता गुडघे बोलायला लागले होते. वखारीच्या मालकानं एक दिवस बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून राखणीला कुत्रा ठेवणार आहे. कुत्र्याचे गुडघे दुखत नाहीत, आणि तो सरळ बसतो.

घरी येऊन कलंडेंनी बायकोला सांगितलं. बायको खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज आणि सगळ्यांच्या भानगडी त्या खिडकीतून जात. तिनं पाय थांबवला.

"म्हणजे आता जावयाकडे," ती म्हणाली.

जावई वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, तोंडावर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो चांगला होता. "बाबा, तुम्ही आमच्याकडेच या, जिन्याखालची खोली रिकामीच आहे," असं तो भेटेल तेव्हा म्हणायचा आणि मग त्या घरातले नियम सांगायचा. दिवा किती वाजता मालवायचा. बादलीत पाणी किती घ्यायचं. खोकला आला तर कुठल्या बाजूला तोंड करायचं. त्या जिन्याखालच्या खोलीत एक खाट मावत होती. मशीन मावत नव्हतं.

"मी मशीन सोडून कुठं जायची नाही," बायको म्हणाली. "गेले तर एकदम चौघांच्या खांद्यावरूनच जाईन."

"अगं, असं काय बोलतेस!"

"मग काय करू? आरती ओवाळू त्या कुत्र्याची?"

आणि नेमकं त्याच आठवड्यात सरकारला जाग आली. युद्धात सरहद्दीवर तात्पुरते भरती केलेले जे शिपाई होते, ज्यांना युद्ध संपल्यावर एक घोंगडी आणि 'शाबास' देऊन घरी पाठवलं होतं, त्यांना आता पेन्शन द्यायची असं ठरलं. मेले ते मेले, जे चिवट निघाले त्यांच्यासाठी. कलंडेंनी बातमी ऐकली आणि सलूनमध्ये उठून उभे राहिले, तोंडाला फेस तसाच.

पेन्शनचं ऑफिस एका जुन्या धान्यगोदामात होतं. भिंतींना अजून गव्हाचा वास होता आणि उंदीर सरकारी नोकरीत असल्यासारखे निवांत फिरत होते. टेबलामागे एक कारकूनबाई बसल्या होत्या. त्या कायम विणत असत. काम बोलायचं असेल तर सुया थांबत नसत, फक्त मान वर येई.

"नेमणुकीचा कागद?"

"छावणीला आग लागली तेव्हा जळाला. आचाऱ्याची चूल भडकली."

"शत्रूनं लावली म्हणा, आजोबा. चुलीनं जळालेलं कुणी मानत नाही." मग त्या म्हणाल्या, "कागद नसला तरी अंगावर जखम असली तर चालते. डॉक्टरांकडे जा, ते आतल्या खोलीत आहेत."

आतला डॉक्टर तरुण होता, घाईत होता. म्हणाला, "जखम दाखवा." कलंडे म्हणाले, "मांडीत आहे." दाखवली. डॉक्टर चष्मा सरकवून बराच वेळ बघत राहिला.

"आजोबा, ही मांडी नाही. मांडी याच्या खाली सुरू होते."

"तेच ते. शेजारीच की."

डॉक्टरनं आपलं मत लिहून बाहेर दिलं. कारकूनबाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच सुया खाली ठेवल्या.

"गोळी मागून लागलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ढुंगणात. आजोबा, नियम असा आहे, की शत्रूला पाठ दाखवून पळाला त्याला पेन्शन नाही. आणि मागून लागलेली गोळी म्हणजे पळत होता, असंच समिती धरते."

"पळत होतो? मी?" कलंडे कडाडले. "साथीदाराला खांद्यावर घेतलं होतं मी!"

"मग आणा त्याला. साक्षीदार म्हणून उभा करा. समितीची बैठक पंधरवड्यानं आहे."

"दोन होते," कलंडेंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"मग दोघांनाही आणा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या.

कलंडे बाहेर पायरीवर येऊन कलंडले. आणायचं कुणाला? जो कधी नव्हताच त्याला? ठाण्यावरचे खरे सोबती तर एकामागोमाग एक गेलेले. राहता राहिलं खरं काय झालं ते. आणि ते सांगण्यापेक्षा कलंडेंनी वखारीतल्या कुत्र्याबरोबर साखळीनं बांधून घेतलं असतं.

खरं काय झालं होतं, ते आता सांगायलाच हवं.

दोन टेकड्या, मधे ओढा. या टेकडीवर आपलं ठाणं, त्या टेकडीवर त्यांचं. दोन्ही बाजूंना डझनभर पोरं, आणि दोन्ही बाजूंच्या पोरांना युद्ध कशावरून लागलं ते धड सांगता येत नव्हतं. भाषासुद्धा एकच, ते लोक फक्त शब्दाला शेपूट लावून बोलत. लढाईला एकदा तोंड लागलं, की दिवसभर कुणी डोकं वर काढायचं नाही. पण पोटाला युद्ध कळतं का? टेकडी उघडीबोडकी. आडोसा म्हणावा तर उतारावरचा एक बसका खडक, आणि त्याची गंमत अशी, की तो आपल्याच ठाण्यापासून आडोसा द्यायचा. शत्रूकडून सगळं सताड उघडं.

पहिले काही दिवस दोन्हीकडच्यांनी दम धरला. कळा यायला लागल्या, पोरं रडकुंडीला आली. मग एका सकाळी पलीकडून काठीच्या टोकाला टमरेल लावून कुणीतरी वर केलं, पत्र्याचं, चकचकीत. इकडच्यांना क्षणात उमगलं. कुणी गोळी झाडली नाही. पलीकडचा आला, बसला, मोकळा होऊन गेला. दुसऱ्या दिवशी इकडून टमरेल वर झालं. झाला तह! ना कागद, ना सही, ना साहेब. टमरेल वर असेतो बंदूक खाली. नकाशावर तेव्हा त्याच जागी घनघोर लढाई चालू होती, आणि वरच्या साहेबांना ती तशीच हवी होती. त्यामुळे या तहाचा वास दोन्हीकडच्या साहेबांपर्यंत कधी गेला नाही.

एके दिवशी कलंडे, म्हणजे तेव्हाचा कोवळा शिपाई, काठी मातीत रोवून, टमरेल टांगून खडकामागे बसला. तोंड आपल्या टेकडीकडे, पाठ शत्रूकडे. पलीकडे आदल्या संध्याकाळी एक नवा रंगरूट आला होता. त्याला तह कुणी समजावून सांगितला नव्हता. त्याला दिसलं उन्हात चमकणारं टमरेल. पोराला वाटलं, वा, काय नेम धरायला वस्तू आहे! त्यानं धरला टमरेलावर. आणि चुकला.

पुढं त्या पोराला त्याच्याच लोकांनी इतकं बडवलं, की त्याच्या बोंबा ओढ्याच्या अलीकडे ऐकू येत होत्या. संध्याकाळी पलीकडून आरोळी आली, "ए! जगला का रे तो?"

"जगला! पण बसत नाही!"

"चुकलं बाबांनो! पोरगं नवीन आहे!"

ओढ्याकाठी ते मलमपट्ट्या आणि दारूची एक बाटली ठेवून गेले. कलंडेच्या वाट्याला मलमपट्टी आली, दारू बाकीच्यांनी संपवली.

हे सगळं कलंडेंनी पेन्शनच्या ऑफिसातून घरी येऊन बायकोला सांगितलं. भिंतीकडे बघत सांगितलं. ती मशीन थांबवून ऐकत होती.

"म्हणजे खांद्यावर कुणी नव्हतं."

"नव्हतं."

"आणि मी इतकी वर्षं त्या समोरच्या चोमडीला तोंड वर करून सांगतेय, की आमच्या ह्यांनी दोन जीव वाचवले! अहो, तिच्या नवऱ्यानं पुरात एक शेळी वाचवली तर मी म्हटलं, शेळीच ना!" ती लाल झाली. मग अचानक तिचे खांदे हलायला लागले. कलंडेंना वाटलं रडते आहे. ती हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कलंडे बिचारे अपमान गिळून बसले.

हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. "मग खरं सांगा समितीला."

"मेलो तरी नाही. सगळी गल्ली येणार आहे ऐकायला. सलूनवाला दुकान बंद ठेवून येतोय."

"म्हणजे मशीन विकू?"

खिडकीतून पडणारं ऊन मशीनच्या चाकावर होतं. बायको तिथं बसलेली कलंडेंनी लग्नापासून पाहिली होती, आणि ती तिथं नसेल असं घर त्यांना डोळ्यांपुढं आणता येईना. शेवटी ते म्हणाले, "मी सांगून काय उपयोग? साक्षीदार लागतो. ज्यानं बघितलं असा."

"कुणी बघितलं?"

"ज्यानं गोळी मारली त्यानं."

"तो कुठं असेल आता!"

कलंडे खाकरले. "येईलच परवा. स्टोव्हच्या पंपाला कातडी वायसर टाकायचा आहे ना?"

बायको नुसती बघत राहिली. पुलापलीकडून येणारा स्टोव्हवाला! खांद्याला पिशवी, हाताला रॉकेलचा वास, 'वहिनी, वहिनी' म्हणत दारात उकिडवा बसणारा, त्यांच्या स्टोव्हची पिन बदलो, वायसर बदलो, अख्खा बर्नर बदलो, कधी एक पैसा न घेणारा. ती सगळ्यांना सांगायची, देवमाणूस आहे म्हणून.

झालं होतं असं. युद्ध संपलं, ओढ्यावर पूल झाला, इकडचे तिकडे स्वस्त साबण आणायला जायला लागले. तिकडच्या बाजारात एक स्टोव्हवाला गिऱ्हाइकाला रंगवून सांगत होता, की तरुणपणी एकदा टमरेलावर नेम धरला होता, पण हुकला. मागे उभे असलेले कलंडे म्हणाले, "हुकला कुठं? मला लागला ना!" त्या दिवसापासून दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. पैसे घेणार नाही, असं त्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

"आणि मी या माणसाला आल्याचा चहा पाजत होते," बायको म्हणाली. "साखर जास्त घालून!"

तिसऱ्या दिवशी स्टोव्हवाला आला तेव्हा चहा आला नाही. तो दारात बसून पंप खोलत होता. बायको कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊजी, तुम्ही आमच्या ह्यांना गोळी मारलीत म्हणे."

स्टोव्हवाल्याच्या हातातून पाना पडला. त्यानं कलंडेंकडे पाहिलं. कलंडेंनी छताकडे पाहिलं.

"वहिनी, डब्यावर मारली होती. शप्पथ."

"ते मला नका सांगू, समितीला सांगा." आणि तिनं सगळं एका दमात ऐकवलं, कुत्रा, जावई, जिन्याखालची खोली, मशीन.

स्टोव्हवाला मान खाली घालून पंपाच्या दांड्याला तेल लावत राहिला. लावून झालं तरी लावत होता. मग म्हणाला, "मला नाही जमायचं."

"का? लाज वाटते?"

"लाजेचं नाही हो. त्या दिवशी आमचे साहेब नेमके टेकडीखाली होते. त्यांनी गोळीचा आवाज ऐकला, वर आले, काय झालं म्हणून विचारलं. आता तहाचं सांगितलं असतं तर सगळ्यांना भिंतीला उभं केलं असतं. आमचा म्होरक्या म्हणाला, शत्रूचा एक शिपाई ठार केला साहेब, या पोरानं. साहेब खूष. माझ्या नावावर एक ठार लागला. त्याचीच मला तिकडे पेन्शन मिळते. थोडीच आहे, पण स्टोव्ह आता कोण दुरुस्त करून घेतं? सगळ्यांकडे गॅस आला. त्याच्यावरच चाललंय माझं." त्यानं कलंडेंकडे बोट केलं. "हा जिवंत आहे हे कळलं की ती बंद."

कलंडे उसळले. "म्हणजे इतकी वर्षं मी मेलोय आणि तू खातोयस?"

"तू कधी विचारलं नाहीस!"

"मी मेलोय का, असं कुणी विचारतं का लेका?"

दोघं इतके ओरडले, की समोरची चोमडी गॅलरीत आली. बायकोनं दार लोटून घेतलं. स्टोव्हवाल्यानं हत्यारं पिशवीत भरली, वायसर बसवून स्टोव्ह पेटवून दाखवला, ज्योत निळी आली, आणि तो कुणाकडे न बघता निघून गेला. पैसे त्या दिवशीही त्यानं मागितले नाहीत.

"राहू दे त्याला," नंतर कलंडे म्हणाले. "त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे." हे बोलताना त्यांना स्वतःचीच कीव आली, आणि स्टोव्हवाल्याची त्याहून जास्त.

समितीच्या दिवशी गोदाम गच्च भरलं. सलूनवाला पहिल्या रांगेत. समोरची चोमडी शेळीवाल्या नवऱ्याला घेऊन आलेली. जावई मागं उभा, हातात घड्याळ. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त साहेब, छातीवर पदकांची दाटी. युद्धभर ते मागच्या कोठारात बटाट्याच्या पोत्यांवर नजर ठेवून होते, असं लोक म्हणत. ते खरं असेल तर बटाट्यांनी फार शौर्य गाजवलं असणार.

"तुम्ही पळत होता," साहेब म्हणाले. प्रश्नसुद्धा विचारला नाही.

"नाही साहेब."

"साक्षीदार?"

कलंडे तोंड उघडून उभे राहिले. काय बोलायचं? तेवढ्यात दारात रॉकेलचा वास आला. स्टोव्हवाला गर्दीतून वाट काढत पुढं आला, पिशवी टेबलावर ठेवली. आत पाने खणखणले.

"मी आहे साक्षीदार."

"तुम्ही पाहिलंत? कुठून?"

"बंदुकीच्या मागून. मीच मारली गोळी. नेम काठीला टांगलेल्या डब्यावर होता, चुकला."

गोदामात एकदम गलका झाला. कारकूनबाईंचा एक टाका सुटला. साहेबांनी टेबल ठोकून सगळ्यांना गप्प केलं. "गोळी लागली तेव्हा हा माणूस काय करत होता?"

स्टोव्हवाला कलंडेंकडे वळला. "ते त्यालाच सांगू दे, साहेब. त्याचं आहे ते."

कलंडेंनी सलूनवाल्याकडे पाहिलं. तो उत्सुकतेनं पुढं सरकला होता. जावयाकडे पाहिलं. मग बायकोकडे. तिच्या बोटाला अजून शिवणाची टोपी होती, घाईत काढायची राहिली होती. ती टोपी बघून कलंडेंना कसलीच लाज उरली नाही.

"परसाकडे बसलो होतो," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

आधी कुणालाच कळलं नाही. मग कळलं. हसण्याचा असा लोट उठला, की कोपऱ्यातले दोन उंदीर ऑफिस सोडून पळाले.

"आणि ते दोन साथीदार, काका?" सलूनवाला डोळे पुसत ओरडला.

"ते माझ्या आधी जाऊन आले होते!"

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "हा काय पाचकळपणा आहे! यात शौर्य कुठं आहे? आणि हा पळत नव्हता याला पुरावा काय?"

तेव्हा बायको उठली. कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं, पण तिला असं सांगायची गरज आजवर कुणालाच पडली नव्हती.

"साहेब, विजार घोट्यापर्यंत उतरलेला माणूस पळून पळून जाणार कुठं? तुम्ही जरा पळून दाखवा."

साहेबांनी पळून दाखवलं नाही. कारकूनबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, ओठ चावत वाचलं. "साहेब, नियमात एवढंच आहे, की शिपाई नेमून दिलेल्या जागी असावा, आणि गोळी शत्रूची असावी. उभा असावा असं कुठं नाही."

"ती जागा नेमून दिलेली होती?"

"दुसरीकडे बसलं तर शिक्षा होती, साहेब," कलंडे म्हणाले.

"आणि काठीला डबा कशाला टांगला होता?"

कलंडे आणि स्टोव्हवाला एकमेकांकडे बघायला लागले. तहाचं नाव काढलं असतं तर शत्रूशी संगनमत म्हणून सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

"वाळत घातला होता," दोघं एकदमच म्हणाले.

साहेबांना घरी जायचं होतं. त्यांनी पेन्शन मंजूर केली. कारकूनबाईंनी साक्षीदारापुढं कागद सरकवला आणि वाचून दाखवलं, की ही साक्ष खात्री करून घेण्यासाठी पुलापलीकडच्या ऑफिसला कळवली जाईल. स्टोव्हवाल्यानं पेन उचललं. हात क्षणभर थांबला. मग त्यानं सही केली, पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. कलंडेंना ते दिसलंच नाही. सलूनवाल्यानं त्यांना उचलून खांद्यावर घेतलं होतं आणि ते वरून ओरडत होते, "अरे सावकाश, डाव्या बाजूनं धरू नकोस!"

पेन्शन सुरू झाली. मशीन खिडकीतच राहिलं. जावयानं जिन्याखालच्या खोलीत सायकल ठेवली. सलूनमध्ये आता खरी गोष्ट सांगायला लागल्यापासून पूर्वीपेक्षा जास्त गर्दी व्हायला लागली, आणि कलंडेंना आयुष्यभर आपण उगाच दोन माणसं वाहिली असं वाटायला लागलं. स्टोव्हवाला मात्र बरेच दिवस फिरकला नाही.

आला तेव्हा थोडा वाळला होता. बायकोनं आल्याचा चहा केला, साखर जास्त घालून. त्यानं बर्नर साफ केला, पिन बदलली, ज्योत बघितली. हत्यारं भरली. पण उठला नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघून म्हणाला, "वहिनी, पिनेचे तेवढे... पैसे झाले."

कलंडे हसले. "वा रे वा! फिटलं वाटतं तुझं सगळं! आता पैसे घेणार होय?"

स्टोव्हवाला हसला नाही. बायकोही हसली नाही. मग कलंडेंचंही हसू तोंडातच राहिलं.

"बंद झाली?" त्यांनी विचारलं.

"मेलेला माणूस जिवंत निघाला म्हणतात. काय करणार? परत मारून ये म्हणतील म्हणून लवकर निघून आलो तिथून."

"तुला माहीत होतं. सही करताना माहीत होतं तुला." कलंडे म्हणाले. "माझ्यातले निम्मे तू घे."

"एकदा गोळी मारली, आता पैसेही घेऊ? मला भीक नको रे. काम आहे का सांग."

बायको आत गेली आणि पैसे घेऊन आली. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाशी घासाघीस न करता जिनं आयुष्यात कधी पैसे दिले नव्हते, तिनं एक अक्षर न बोलता ते त्याच्या हातावर ठेवले.

पुढच्या आठवड्यात स्टोव्ह पुन्हा बिघडला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. कधी वायसर फाटे, कधी पंप दाब धरेना, कधी टाकीला बारीकसं भोक पडे. समोरच्या चोमडीचाही बिघडला, म्हणजे बायकोनं तो तासाभरासाठी मागून आणला तेव्हा. सलूनवाला पाणी तापवायला जो स्टोव्ह वापरायचा तो तर कलंडेंची दाढी झाली, की हटकून धूर सोडायचा.

एका सकाळी स्टोव्हवाला दारात बसून वायसर उजेडात धरून बघत होता. त्याच्या मधल्या भोकाशेजारी आणखी एक भोक होतं, खिळ्याचं, नीट आरपार. त्यानं ते भोक बराच वेळ निरखलं. पलंगाच्या कडेवर कलंडे उजवीकडे कलून, एक हात पाठीमागं लपवून बसले होते.

"कलंडे," तो म्हणाला, "तुमच्या घरात कुणीतरी या स्टोव्हवर नेम धरतंय."

"धरत असेल," कलंडे म्हणाले. "पण त्याचा चुकत नाही."